चिकू मऊ होईपर्यंत

गुरुवारी सकाळी माझ्या ओट्यावर चिकूचं खोकं आलं. कोणी ठेवलं ते दिसलं नाही. पुठ्ठ्याचं खोकं, वर वर्तमानपत्राचा कागद, कागदाखाली चिकूंचे दोन थर. मी एक उचलून अंगठ्यानं दाबला. दगड.

बायको मागून आली. "अगंबाई, कोणी पाठवले? आपल्याकडे काय कमी आहेत का चिकू?"

तिचं बरोबर होतं. डहाणूत झाडं असलेल्या घरी कोणी चिकू पाठवत नाही. आमच्या मागच्या अंगणात अकरा झाडं, वडिलांच्या हातची. मी म्हटलं, "असेल कोणी ओळखीचा." आणि खोकं आत घेतलं. तेवीस वर्षांच्या संसारात मी तिला अशी उत्तरं देत आलो आहे. ती पुढे विचारत नाही, आणि तिच्या न विचारण्यावर मी जगलो.

खोक्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता. कच्चे चिकू आले म्हणजे चार-पाच दिवसांची मुदत आली. चिकू मऊ व्हायच्या आत सांगितलेलं ऐकायचं. नाही ऐकलं तर मग माणसं येतात. ही रीत तलासरीपासून चिंचणीपर्यंत ज्यांना माहीत असायला हवी त्यांना माहीत आहे. ती मी काढली.

मला काय ऐकायचं होतं तेही स्पष्ट होतं. सोमवारी डहाणूच्या कोर्टात माझी साक्ष आहे. वेवजीचा एक माणूस, ताडी काढणारा, सहा वर्षांपूर्वी ताडावरून पडून दोन्ही पायांनी अधू झाला, असं मी तेव्हा पोलिसांना लिहून दिलं होतं. तो पडला नव्हता. सोमवारी मी ते सांगायचं की गप्प बसायचं, एवढाच प्रश्न त्या खोक्यात होता.

आज रविवार. लिहून ठेवतो, कारण उद्या तोंडाला कोरड पडली तर कागद तरी बोलेल.

*

हायवेवर तलासरीच्या जरा अलीकडे शेठचं ऑफिस होतं. जमिनी, गोदामं, कारखान्यांचं भंगार, ट्रक. मी तिथे बी.कॉम. होऊन हिशेब लिहायला लागलो आणि वर्षभरात हिशेब दुसऱ्याकडे गेले. शेठच्या लक्षात आलं की मी चार भाषा बोलतो आणि एकीतही आवाज चढवत नाही. मराठी, गुजराती, हिंदी आणि पाड्यांवरची बोली. "दीकरा," ते म्हणाले, "ओरडणारे मला शंभर मिळतात. तू माणसं समजाव."

माझं काम समजावण्याचं. लोक मला भाऊ म्हणायचे. मी जायचो, चहा प्यायचो, घरच्यांची चौकशी करायचो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? मुलगी अजून त्याच बसनं शाळेत जाते का? शेवटचा प्रश्न विचारला की समोरच्याचा कप बशीवर वाजायचा. मी कधी कोणाला शिवी दिली नाही. हे मी अनेक वर्षं स्वतःला अभिमानानं सांगत होतो.

चिकूचं सुरू झालं ते अगदी सहज. चिंचणीला एक टेम्पोवाला होता, तारापूरच्या कारखान्यांतून भंगार उचलायचा. शेठला ते काम हवं होतं. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून आमच्या झाडाचे चिकू नेले. निघताना म्हणालो, "कच्चे आहेत. चार-पाच दिवस ठेवा. मऊ झाले की शेठकडे या, बसून बोलू." तो आला नाही. पाचव्या दिवशी शेठच्या दोन माणसांनी त्याला त्याच्याच टेम्पोच्या मागे उभं केलं, उजवा हात हौद्यावर ठेवायला लावला आणि मागचा लोखंडी फाळका वरून आपटला. एकदा नाही. बोटं मोजायची वेळ आली तेव्हा डॉक्टरनं तीन मोजली.

त्यानंतर मी जिथे चिकू घेऊन गेलो तिथे मला जास्त बोलावं लागलं नाही.

शेठ खूश. "वाह रे दीकरा! शिवी नाही, कागद नाही, फोन नाही. फळ! पोलिसात जाऊन सांगणार काय, की भाऊनं मला चिकू दिले?" ऑफिसात सगळे हसले. मीही हसलो. त्या दोन माणसांना आम्ही 'पोरं' म्हणायचो. दोघंही चाळिशीची, एक जाडा आणि एक गाडी चालवायचा. पोरं सर्वांत जास्त हसली.

ऑफिसात टीव्ही दिवसभर बातम्यांवर असायचा. एक देश दुसऱ्याला सांगतोय की अमुक तारखेपर्यंत सैन्य मागे घ्या, नाहीतर परिणामांना तयार राहा. शेठ खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "जो, जो, बघ. हे पण आपल्यासारखेच. खोकं मोठं, एवढंच." एकदा सूटबूट घातलेला कोणी मंत्री शांतपणे, हळू आवाजात, हसत हसत दुसऱ्या देशाच्या लोकांच्या भल्याची काळजी व्यक्त करत होता. शेठनं माझ्याकडे बोट दाखवलं. "बघ, तुझा भाऊ." पोरं पुन्हा हसली. मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की खोकी वाढायची. उधव्याकडच्या एका वॉर्डात शेठच्या माणसाविरुद्ध दोन अर्ज होते. एका बाईच्या घरी खोकं ठेवलं, तिनं दुसऱ्याच दिवशी अर्ज मागे घेतला. दुसरा शेतकरी होता, हट्टी. त्यानं माझ्यादेखत एक चिकू उचलला, दातांनी फोडला, चीक ओठांना लागला तशी थू करून माझ्या चपलेवर थुंकला. "कच्चे घालता होय लोकांना? पिकले की आणा."

पाचव्या दिवशी त्याच्या दोन बैलांच्या मागच्या पायांच्या शिरा कोयत्यानं कापल्या. मी सकाळी तिथून गेलो, बघायलाच गेलो होतो. एक बैल निपचित होता. दुसरा पुढच्या पायांवर उठायचा, मागचं अंग येत नसे, पुन्हा पडायचा. परत उठायचा. त्याच्या मागे माती लाल आणि गुळगुळीत झाली होती. तो शेतकरी त्याच्या मानेला मिठी मारून त्याला खाली दाबत होता, "नको रे उठू, नको रे," म्हणत होता. मला पाहिलं तरी त्यानं मान सोडली नाही. बारा वाजता त्याचा पुतण्या अर्ज मागे घ्यायला तहसीलवर आला.

हे सगळे चिकू आमच्या अकरा झाडांचे. आणि ते निवडायची माझी बायको. मी सांगायचो, "शेठकडून कोणाकडे तरी पाठवायचे आहेत, चांगले दे." ती अंगणात बसून एकेक पुसायची. देठाशी मार लागलेला बाजूला काढायची, लहान-मोठे वेगळे करायची, खाली कागद, वर कागद. "कोणाच्या घरी जातात, आपलं नाव जातं," म्हणायची.

*

वेवजीच्या माणसाकडे काही फार मागायचं नव्हतं. शेठच्या नव्या गोदामाला हायवेवरून रस्ता हवा होता आणि मधे त्याची एक पट्टी येत होती. पट्टीवर सात ताड. आजोबांनी बिया पुरलेल्या. तिकडे म्हणतात, ताड लावणाऱ्याला सावली मिळते, ताडी नातवाला. हा नातू. हिवाळा सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ सातही ताडांवर चढायचा. बाकी भात, थोडी नाचणी, आणि पावसाळ्यात मजुरी.

मी डिसेंबरच्या शेवटी खोकं घेऊन गेलो. त्यानं मला खाट दिली, स्वतः जमिनीवर बसला. त्याची बायको कुडाच्या आडून बघत होती, मुलगी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

"भाऊ, सही नाही केली तर?"

"अरे, तसं कशाला बोलतोस? हे चिकू ठेव. मऊ झाले की ये ऑफिसात. घाई नाही."

"मऊ होईपर्यंत ताडी काढू ना? आता कुठे धार लागलीय."

"काढ की."

"शब्द?"

"शब्द," मी म्हणालो. "चिकू मऊ होईपर्यंत तुला कोणी हात लावणार नाही."

असा शब्द मी कधी कोणाला दिला नव्हता. कोणी मागितलाच नव्हता. ऑफिसात येऊन मी पोरांना सांगितलं, "पाच दिवस."

त्या आठवड्यात थंडी पडली. इकडे समुद्राकाठी तेवढी जाणवत नाही, पण आत, डोंगराकडे, सकाळी तोंडातून वाफ निघत होती. मी चिकूच्या झाडांखाली वाढलेला माणूस. थंडीत चिकू पिकत नाही, हे मला चालायला येण्याआधी माहीत होतं. आमच्याकडे आई हिवाळ्यात चिकू तांदळात पुरून ठेवायची, नाहीतर आठवडा गेला तरी कडक. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना माझ्या डोक्यात ते आलं. त्याचे चिकू काही पाच दिवसांत पिकायचे नाहीत. मी पोरांना सांगणार होतो, की दोन दिवस वाढवा. मग फोन आला, मग काम निघालं. शेठला काय सांगायचं, थंडी आहे म्हणून? हसले असते. मी सांगितलं नाही.

नंतर त्याच्या बायकोनं मला सांगितलं ते असं. त्यानं चिकू शिंक्यात घालून वाऱ्याला टांगले होते. ती म्हणाली होती, भातात घालू, लवकर पिकतील, मुलगी खाईल. तो म्हणाला, नको, जेवढे उशिरा पिकतील तेवढे दिवस आपले. रोज उठला की आधी शिंक्याकडे जायचा, दाबून बघायचा आणि खूश व्हायचा. "अजून कडक!" आणि दोर खांद्यावर टाकून ताडांकडे निघायचा. सही तो करणार होता. मऊ झाले की करणार होता. त्यानं माझा शब्द फळावर मोजला.

सहाव्या दिवशी सकाळी पोरं निघाली. मला बरोबर घेतलं, कारण सहीचा कागद माझ्याकडे होता. गाडी मी रस्त्यावर थांबवायला लावली, ताडांपासून हाकेच्या अंतरावर. पोरं कुऱ्हाड घेऊन उतरली. मी मागच्या सीटवर, काच थोडी खाली.

तो वर होता. पायात दोराचा फास, कमरेला मडकं. पोरं बुंध्याशी गेली.

"ए, उतर."

"कोण?"

"शेठकडून. सहावा दिवस आहे."

वरून तो ओरडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात भीती नव्हती, समजूत घालण्याचा सूर होता, जसं कोणी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलं तर आपण सांगतो तसा. "अजून कच्चे आहेत! घरी जाऊन दाबून बघा! मऊ झाले की मी येणारच होतो!"

"काय कच्चं?" जाडा हसला. "तू की चिकू?"

"थंडी आहे ना! भाऊला विचारा! भाऊला माहीत आहे!"

जाड्यानं मागे वळून गाडीकडे पाहिलं. विचारत नव्हता, नुसतं पाहिलं. मी दार उघडून, "थांबा," म्हणालो असतो तर ते थांबले असते. पोरं माझं ऐकायची.

मी काच वर केली.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बाकी सगळं कुठून ना कुठून बाहेर आलं, हे नाही. कारण काच का वर गेली ते फक्त मलाच माहीत होतं.

त्यानंतरचं मी आवाजाशिवाय पाहिलं. त्यांनी ताडाच्या बुंध्यावर घाव घालायला सुरुवात केली. ताड लोखंडासारखा, पटकन पडत नाही, पण प्रत्येक घावाला वरची मडकी हलत होती. दोन सुटून खाली फुटली. तो वरून काहीतरी बोलत होता. मग उतरायला लागला. झाड वाचवायला उतरला, हे मला नंतर कळलं. त्याचे पाय जमिनीला लागले तसं जाड्यानं त्याला छातीवर ढकलून पाडलं आणि त्याच्या मांड्यांवर बसला. दुसऱ्यानं कुऱ्हाड उलटी धरली. धारेनं नाही, पाठीमागच्या जाड लोखंडानं. आधी उजवा घोटा. त्याचं तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, आणि माझ्यापर्यंत काही आलं नाही. कुऱ्हाड पुन्हा वर गेली. त्याच घोट्यावर. मग डावा. पाऊल जिथे असतं तिथे नव्हतं, बाजूला वळलेलं होतं. फुटलेल्या मडक्याची ताडी मातीवरून वाहत त्याच्या पायाखाली गेली आणि गुलाबी झाली.

ड्रायव्हरनं काचेवर टकटक केलं. "झालं, भाऊ."

मी दार उघडलं तेव्हा त्याची बायको शेतातून धावत येत होती. मूठ पुढे धरलेली. नवऱ्याकडे जायच्या आधी ती माझ्याकडे आली. मला वाटलं दगड आहे, मी हात आडवा केला. तिनं माझा हात ओढून त्यात चिकू ठेवला. "दाबा," म्हणाली. "तुम्ही दाबा."

मी दाबला. कडक होता.

"हो," मी म्हणालो.

त्याला आम्ही त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. डोकं बायकोच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, गोणपाटात गुंडाळलेले. रस्ता खराब होता, प्रत्येक खड्ड्याला हाडं माझ्या हातात हलायची. वाटेत मी त्याला म्हणालो, "ताडावरून पडलास असं सांग." त्यानं तोंड फिरवलं. मग मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "मुलगी अजून त्याच बसनं जाते ना?"

त्यानं डोळे मिटले.

दवाखान्यात मी सांगितलं, पडला. पोलिसांना लिहून दिलं, मी रस्त्यानं जात होतो, पडताना पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं संमतीवर अंगठा दिला. सही येत होती त्याला. त्यानं अंगठा दिला. महिन्याभरात सातही ताड पडले, आता तिथे डांबरी रस्ता आहे आणि चोवीस चाकी ट्रक वळतात.

लोकांना वाटतं त्या दिवशी मी नोकरी सोडली. छे. अजून तीन वर्षं त्याच खुर्चीत बसलो. एवढंच, की चिकू आमच्या झाडांचे दिले नाहीत. बाजारातून आणून दिले.

*

मागच्या महिन्यात त्याची मुलगी आली. आता नर्सिंगला आहे. ओट्यावरच उभी राहिली. मी खुर्ची दिली, बसली नाही.

"काका, बाबांनी कोर्टात अर्ज केलाय. मीच करायला लावला. शेठनी आता तालुक्याला उभं राहायचं ठरवलंय, ठाऊक आहे ना?"

"ऐकलं."

"ड्रायव्हर मेला. दुसरा बोलणार नाही. राहिलात तुम्ही. पुढच्या महिन्यात तुमचं नाव पुकारतील."

मी म्हणालो, "बघतो."

"बघितलंय तुम्ही," ती म्हणाली. पायरी उतरून पुन्हा वळली. "काका, मी अकरावी-बारावी पायी केली. सात किलोमीटर. बाबांनी त्या बसनं जाऊच दिलं नाही. मला कधी सांगितलं नाही का ते. आई बोलली आत्ता."

बायको दारात उभी होती. तिनं ऐकलं. त्या दिवशीही तिनं विचारलं नाही. पण गुरुवारी खोकं आलं, आणि शुक्रवारी सकाळी ती अंगणात बसून ते चिकू पुसायला लागली. सवयीनं. मोठे-लहान वेगळे करायला लागली. ते मला बघवेना. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. टेम्पोचा फाळका, बैल, सगळं. काचेचं सोडून.

तिच्या हातात एक चिकू तसाच राहिला. मग म्हणाली, "मी मार लागलेले बाजूला काढायचे."

"हो."

"म्हणजे त्यांच्या घरी चांगले जावेत म्हणून."

मी खोक्यातला कागद सरळ करत राहिलो.

"आणि तुम्ही ते बघत बसायचात." फडकं तिनं झटकलं, दोरीवर टाकलं. "रविवारी वेवजीला जायचं. मी येणार."

*

तर आज सकाळी गेलो. स्कूटरवर तासभर. तिनं सबंध वाटेत माझ्या खांद्याला धरलं नाही, मागचा दांडा धरून बसली.

तो अंगणात होता. शिंदीच्या पात्यांचे झाडू बांधत होता. दोन्ही पावलं आत वळलेली, घोट्यांवर हाडांच्या गाठी. मला पाहून त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. त्याची बायको पाणी घेऊन आली. माझ्या बायकोनं तांब्या घेतला आणि म्हणाली, "ते चिकू आमच्या झाडाचे होते. मी निवडलेले."

त्याची बायको तिच्याकडे बघत राहिली. "गोड होते," म्हणाली. "आठव्या दिवशी मऊ झाले. हे दवाखान्यात होते. मुलीनं खाल्ले, मग तिला आठवलं कुठले ते, मग ओकली."

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो, "उद्या कोर्टात सांगायच्या आधी तुला सांगायचं आहे. तू वरून ओरडलास ते मला ऐकू आलं होतं."

त्याचे हात थांबले.

"काय ऐकू आलं?"

"अजून कच्चे आहेत. भाऊला विचारा."

"सगळं?"

"सगळं. काच खाली होती. मग मी ती वर केली."

कोंबड्या अंगणात फिरत होत्या. रस्त्यावर एक ट्रक वळला, त्याचा हॉर्न संपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "मी सहा वर्षं म्हणतोय, वारा उलटा होता. भाऊला ऐकू गेलं नसणार. गेलं असतं तर उतरला असता." तो बायकोकडे वळला. "म्हटलं होतं ना तुला? वारा होता म्हणून?"

ती पदर तोंडाशी धरून आत गेली.

मी हात पुढे केला. का केला ते सांगता येणार नाही, त्याच्या पायाला लावणार होतो बहुतेक. त्याच्या हातात पाती चिरायची सुरी होती. ती त्यानं माझ्या मनगटावर टेकवली. ओढली नाही, टेकवली. पण दाब इतका की रक्ताची रेघ आली. मला वाटलं, ओढ. मनापासून वाटलं.

"उद्या काचेचं सांगणार?" त्यानं विचारलं.

"हो."

"ते आधी सांगा. कुऱ्हाडीचं मागून." सुरी त्यानं काढून घेतली, पात्यांवर पुसली. "कुऱ्हाड मारणाऱ्यांना मी ओळखत नव्हतो. आता जा. पाणी प्यायलात ना? जा."

येताना बायकोनं पदराच्या कडेची पट्टी फाडून मनगटाला बांधली. तिलाही मी काचेचं आत्ताच, त्याच्यासमोर सांगितलं होतं. स्कूटर सुरू केली तरी ती बसेना. मग बसली, आणि म्हणाली, "चला. उशीर होतोय." कशाला उशीर, ते मी विचारलं नाही.

*

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. पुढचं दार बंद, कुलूप जागच्या जागी. बायको पाणी ठेवायला मागे गेली आणि तिच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला.

अकराच्या अकरा झाडं आडवी होती. यंत्राच्या करवतीनं, कमरेच्या उंचीवर कापलेली, अगदी सरळ, सफाईदार. वडिलांनी लावलेल्या पहिल्या झाडाचा बुंधा मला दोन हातांत मावत नसे. त्याच्या कापावर चीक जमला होता, पांढरा, दुधासारखा, आणि सालीवरून खाली ओघळत होता. फांद्यांवर फळं तशीच, शेकड्यांनी, जमिनीला टेकलेली. मुंग्या यायला लागल्या होत्या.

यंत्राची करवत किती ओरडते ते सगळ्यांना माहीत आहे. अकरा झाडं म्हणजे दोन तास तरी. दोन्ही बाजूंना घरं आहेत, रविवार आहे, माणसं घरातच होती. त्यांच्या खिडक्या बंद होत्या. मी त्यांना काय बोलणार?

मी आत गेलो. गुरुवारचं खोकं कोपऱ्यात होतं. एक चिकू काढला, अंगठ्यानं दाबला. दुसरा दाबला. तिसरा. आणि माझ्या तोंडून निघालं, जोरात निघालं, रिकाम्या घरात, "अजून कच्चे आहेत!"

बायको मागच्या दारात उभी होती. तिचे हात चिकानं भरले होते, कापलेल्या बुंध्यांना हात लावून आली होती. चीक वाळला की लवकर निघत नाही, तेल लावावं लागतं. ती तेलाची बाटली शोधत होती.

"शर्ट कुठला घालणार उद्या?" तिनं विचारलं.

"पांढरा."

"लांब हातांचा घाला," ती म्हणाली. "मनगट दिसेल." मग बाटलीचं झाकण दातांनी उघडलं, आणि म्हणाली, "नको. दिसू दे."

कोर्ट अकराला उघडतं. पहिल्यांदा काचेचं सांगायचं, मग कुऱ्हाडीचं.